चौदा खणांत न मावलेलं नाव

नगर जिल्ह्यात बाहेरची माणसं येतात ती बहुधा शिर्डीला जायला. मी निघालो होतो एका बाईंची सही आणायला. अठ्ठ्याण्णव सालचा जानेवारी होता. पिशवीत दोन जोडी कपडे, पाच फ्लॉप्या आणि सहीसाठी टाईप केलेला एक कागद, एवढंच सामान.

आधी कागदाची हकीकत सांगायला हवी. पुण्यात आमची पाच जणांची कंपनी. लहान दवाखान्यांना रुग्णांची नोंद मराठीत ठेवता यावी म्हणून आम्ही एक प्रोग्रॅम विकत होतो. तो मुळात आमचा नव्हता. परदेशातल्या कुणीतरी लिहून जगाला मोकळा केलेला प्रोग्रॅम एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर मला सापडला होता, आणि वर्षभर खपून मी त्याला मराठी शिकवलं होतं. त्याच्यासोबत परवाना होता. हा प्रोग्रॅम घ्या, बदला, विकलात तरी चालेल. पण ज्याला द्याल त्याने मागितला तर त्याला सोर्स कोडही द्यावा लागेल. सोर्स कोड म्हणजे प्रोग्रॅमचा मूळ मजकूर, माणसाला वाचून दुरुस्त करता येईल असा.

आमचे मालक दिवेकर साहेब. त्यांनी मला परवान्याची फाइल फ्लॉपीवरून काढून टाकायला सांगितली होती. ती राहून गेली. मुद्दाम ठेवलीस का, असं नंतर दोघातिघांनी विचारलं. तसं म्हणायला मलाही आवडलं असतं, पण मी विसरलो होतो.

ती फाइल प्रवरेकाठच्या एका धर्मादाय रुग्णालयातल्या सुमनताई गायकवाड यांनी वाचली आणि आम्हाला रीतसर पत्र पाठवलं: प्रोग्रॅममध्ये चूक आहे, परवान्यानुसार सोर्स कोड द्यावा. साहेबांनी पत्र माझ्यासमोर टाकलं. "जा, चूक दुरुस्त कर, आणि मागणी मागे घेतली अशी त्यांची सही घेऊन ये. सोर्स तिथे ठेवायचा नाही."

बुधवार, नगर

शिरूर सोडल्यावर खिडकीबाहेर ज्वारी आणि उघडं रान एवढंच राहिलं. मी कोकणातला. इतकं आभाळ एकदम बघायची मला सवय नाही. आमच्याकडे प्रत्येक वळणावर डोंगर आडवा येतो, इथे नजरेला अडवणारं काही नाही, आणि ज्याला विचार टाळायचे असतात त्याला असला प्रदेश सोयीचा नसतो. पिशवी मांडीवर धरून मी तीन तास चाळवाचाळव करत बसलो होतो. शेजारचे गृहस्थ शेवटी म्हणाले, "पाहुणं, दवाखान्यात कोनी हाय का तुमचं?" मी नाही म्हणालो. त्यांना ते पटलेलं दिसलं नाही.

माळीवाड्याच्या स्टँडवर उतरलो तेव्हा कोल्हारकडची गाडी डोळ्यांदेखत सुटली. पुढची लागली होती, पण तिच्या चाकाखाली दोघे जण झोपून काम करत होते. तासाभराने ती रद्द झाल्याचं कळलं. स्टँडसमोरच्या हॉटेलात मिसळ मागवली. पुण्याची मिसळ माहीत होती म्हणून बेसावध होतो. पहिल्याच घासाला डोळ्यांतून पाणी आलं. मालकाने न विचारता दह्याची वाटी पुढे सरकवली.

पुढची थेट सकाळची, म्हणून मुक्काम करावा लागला. लॉजच्या खोलीत बसून परवाना पुन्हा वाचला. आधी मी तो नुसता चाळला होता. या वेळी एक वाक्य नीट वाचलं: घेणाऱ्याच्या हक्कांवर तुम्हाला आणखी बंधनं घालता येणार नाहीत. माझ्या पिशवीतला कागद म्हणजे दुसरं काय होतं?

गुरुवार, प्रवरेकाठ

सकाळच्या गाडीने निघालो. राहुरी मागे पडल्यावर रान हिरवं झालं. उसाच्या बैलगाड्या रस्त्याच्या कडेने ओळीने चाललेल्या, आणि वाऱ्यावर मळीचा गोडसर, आंबूस वास. कोल्हारला गाडी बदलली, संगमनेरच्या रस्त्याला एका फाट्यावर उतरलो आणि दोन किलोमीटर आत चालत गेलो. रस्ता सरळ, दोन्ही बाजूंना कडुलिंबाची झाडं.

रुग्णालय बैठं, कौलारू. सुमनताई औषधखोलीत होत्या. वय चाळिशीचं, चष्मा, साडीवर पांढरा कोट. औषधांची नोंद त्याच ठेवत. संगणक आल्यावर त्या आठवड्यातून दोनदा संगमनेरच्या एका क्लासला जाऊन प्रोग्रॅमिंग शिकल्या होत्या. मला पाणी दिलं आणि लगेच कामाला हात घातला.

"परब साहेब, आधी चूक बघा. मग चहा."

त्यांनी दोन केसपेपर शेजारी शेजारी ठेवले. मुक्ताबाई सखाराम दिघे. मुक्ताबाई सखाहरी दिघे. पठारावरच्या एकाच वाडीतल्या दोन बायका, दोघींना क्षय. दर शनिवारी इथे येऊन आठवड्याच्या गोळ्या न्यायच्या. सखारामच्या मुक्ताबाईचे उपचार नोव्हेंबरात पूर्ण झाले, तशी नोंद झाली. पुढच्या शनिवारपासून सखाहरींच्या मुक्ताबाईचं नाव यादीतून गेलं.

"मी त्या दिवसांत रजेवर होते. आईचं आजारपण. खिडकीवर दुसरे कारकून होते. त्यांनी यादी बघितली आणि सांगितलं, बाई, तुमचं पूर्ण झालं. बाई घरी गेली. पाच आठवडे गोळ्या नाहीत. परत आली ती रक्त ओकत."

मला कारण बसल्याजागी कळलं. केस नंबर असलेलं कार्ड रुग्णांकडून भिजतं, हरवतं, म्हणून नाव आणि गाव यांवरून रुग्ण शोधायची सोय मी करून दिली होती. मूळ प्रोग्रॅममध्ये या शोधायच्या नावाला चौदा खण होते, त्यातला शेवटचा नाव संपल्याच्या खुणेसाठी राखीव. आपल्याकडे काना, मात्रा, उकार, जोडाक्षरात पाय मोडल्याची खूण, प्रत्येकाला वेगळा खण लागतो. 'मुक्ताबाई' याच नावाने नऊ खण घेतले, एक मोकळ्या जागेचा, उरले तीन. त्यांत 'सखा' बसलं. राम आणि हरी दोन्ही बाहेर. प्रोग्रॅमच्या दृष्टीने त्या दोघी एकच बाई होत्या.

मराठीसाठी मी सगळं बदललं होतं. तो आकडा मात्र बघितला होता आणि तसाच ठेवला होता.

फ्लॉप्या लावल्या, सोर्स उघडला, चौदाच्या जागी साठ लिहिलं. मध्ये वीज गेली, तासाभराने आली, पुन्हा सगळं केलं. नवी यादी छापली. कर्रकर्र करत प्रिंटरमधून कागद बाहेर आला आणि दोन्ही नावं पूर्ण आली, एकीखाली एक. खरं काम वीस मिनिटांचं.

मी पिशवीतून तो कागद काढला. सुमनताईंनी वाचला, घडी घातली आणि म्हणाल्या, "जेवायला घरी चला. आप्पांना दाखवते."

घर रुग्णालयामागेच होतं. आप्पा म्हणजे त्यांचे वडील, तालुका कोर्टात बेलिफ होते, निवृत्त होऊन दहा वर्षं झालेली. भिंतीवर दोन तसबिरी, एक बुद्धाची आणि एक कोटटायतल्या चष्मेवाल्या माणसाची, खाली कायद्याच्या जुन्या पुस्तकांची रांग. आप्पांपुढे आमच्या परवान्याची छापील प्रत होती, सहा पानं, शिसपेन्सिलीने खुणा केलेली, शेजारी शब्दकोश.

"लेक दिवसा कामाला. मी रोज अर्धं पान करायचो," आप्पा म्हणाले. "आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारावर नोटिसा डकवल्या. कागद कसा वाचायचा ते कळतं. 'मे' लिहिलं असलं तर मर्जी, 'मस्ट' लिहिलं असलं तर बंधन. सोर्स द्यायचं जिथं लिहिलंय, तिथं मस्ट हाय."

"चूक दुरुस्त झाली आहे, आप्पा," मी म्हणालो.

"झाली ना. आनंद हाय. पण आम्ही चूक दुरुस्त करा एवढंच मागितलं नव्हतं. कागदावर आपलं म्हणून लिहिलंय ते मागायचं, त्यात लाज कसली? न मागून काय होतं ते आमच्या मागच्या पिढ्यांनी बघितलंय."

जेवायला हुलग्याचे शेंगोळे होते, बाजरीची भाकरी आणि ठेचा. आमच्याकडे हुलग्याला कुळीथ म्हणतात आणि त्याची पिठी करून भातावर घेतात. त्याच पिठाची अशी बोटाएवढी वळकटी करून लसणाच्या रश्शात शिजवतात हे मला नवीन होतं. फार चांगले झाले होते. मला मात्र दोनच्या वर गेले नाहीत.

हात धुताना सुमनताई म्हणाल्या, "आज तुम्ही आलात. पत्र टाकल्यापासून पाच आठवडे लागले तुम्हाला. पुढच्या वेळी मी कुणाची वाट बघत बसू?"

मी म्हणालो की मला साहेबांना विचारावं लागेल.

"विचारा की. पण उद्या माझ्याबरोबर पठारावर या. बाई दोन शनिवार आलेली नाही. यादीत नाव परत घातलं, ती यायची थांबली."

शुक्रवार, पठार

संगमनेरपर्यंत एसटी, पुढे जीप. जीपमध्ये आम्ही सोळा जण होतो आणि एक बोकड. घाट चढून वर आलो आणि खालचा ऊस, पाणी, हिरवं सगळं एकदम संपलं. करडं माळरान, दगडी बांध, हरभऱ्याचे तुटक तुटक वाफे. तासाभराच्या अंतरात एका तालुक्याची दोन तोंडं. सुमनताई सांगत होत्या, हे पठार सोडून माणसं खाली ऊसतोडीला जातात, तिथे खोकला घेऊन येतात, आणि तो लपवतात.

वाडीत पंधरा-वीस घरं. मुक्ताबाई अंगणात गोधडी पांघरून उन्हात बसल्या होत्या. पन्नाशीच्या असाव्यात, दिसत होत्या सत्तरीच्या. सखाहरी, त्यांचे मालक, शेळ्यांना पाला घालत होते. सुमनताईंना बघून त्यांनी पाला टाकला आणि घोंगडी अंथरली.

"मुक्ताबाई, दोन शनिवार झाले. का आला नाहीत?"

बाईंनी पदर तोंडावर धरून आधी खोकून घेतलं. "काय यायचं, ताई. मागं पूरं झालं म्हनले. मी गावात साखर वाटली. मंग परत सुरू म्हनले. आता आले अन् परत न्हाई म्हनले तर? पोरं हासत्यात. त्या कागदाचं काय खरं हाय का?"

"कागदाची चूक होती. हे पुण्याचे साहेब, यांनी दुरुस्त केली."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता, आणि त्यामुळेच मला बसवेना. "तुमीच क्येला व्हय कागुद?"

"हो," मी म्हणालो. "माझ्याकडून चूक झाली. तुमचं नाव लांब होतं, ते पूर्ण मावलं नाही."

"माजं नाव लांब?" त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "मुक्ती म्हनत्यात मला समदी."

सखाहरी हसले, पण लगेच गंभीर झाले. "साहेब, तिची ताकद लई गेली बगा. पयले पाच म्हैने नेमानं गेल्ती. एक शनवार चुकली न्हाई. पावसात गेली. मंग तुमी थांबवलं, म्हनून थांबली. आता तिला पटवायचं कसं, ते तुमी सांगा."

सुमनताईंनी बाईंच्या कपाळाला हात लावला, उद्या या म्हणाल्या, आणि त्या येईपर्यंत खिडकी बंद करणार नाही असंही. बाईंनी गोधडी अंगाभोवती ओढून घेतली. निघताना सखाहरींनी माझ्या हातात ओल्या हरभऱ्याची जुडी दिली. नको म्हणायचीही लाज वाटली.

परतीच्या जीपमध्ये मी तो हरभरा मांडीवर घेऊन बसलो होतो. सगळ्या वाटेवर एकच हिशेब मनात फिरत होता: आकडा बदलायला वीस मिनिटं लागली. सुमनताईंच्या हातात सोर्स असता, तर त्यांना कदाचित दोन दिवस लागले असते. दोन आठवडे म्हणा. पाच नसते लागले.

संगमनेरच्या स्टँडवर एसटीडी बूथ होता. मी सुमनताईंना थांबायला सांगितलं आणि दिवेकर साहेबांना फोन लावला.

"सही झाली?"

"नाही. साहेब, मी त्यांना सोर्स देतोय."

"परब, वर्षभर तू राबलास त्याच्यावर. उद्या ती फ्लॉपी एखाद्या क्लासवाल्याच्या हाती लागेल आणि तो तेच विकायला बसेल."

"बसू शकतो. मग त्यालाही सोर्स द्यावा लागेल."

"तुझा प्रोग्रॅम आहे म्हणून उदार होतोयस का?"

"माझा असता तर कदाचित दिला नसता," मी म्हणालो, आणि ते खरं होतं. "माझा नाही म्हणून देतोय. ज्याचा आहे त्याने अट घालून दिला. आपण प्रोग्रॅम घेतला आणि अट टाकून दिली."

"सोमवारी ये. बोलू," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

सोमवारी काय झालं ते इथेच सांगून टाकतो. साहेबांनी चहा मागवला, आवाज न चढवता सांगितलं की महिनाअखेर दुसरीकडे बघ. ते वाईट गृहस्थ नाहीत; आम्हा पाच घरांची चूल त्यांच्याच डोक्यावर होती. बाकीच्या दवाखान्यांना कुणी सोर्स दिला की नाही, मला माहीत नाही. त्या दवाखान्यांना मी स्वतः पत्रं टाकली आहेत, तुम्हाला तो मागता येतो एवढं कळवायला. त्याला सहा आठवडे झाले. उत्तर एकाचं आलं आहे, नोकरी अजून लागलेली नाही.

शनिवार, फाटा

सकाळी औषधखोलीत बसून मी सगळा सोर्स सुमनताईंच्या संगणकावर उतरवला आणि पाचही फ्लॉप्या त्यांच्या हवाली केल्या. त्यांनी लगेच वाचायला घेतलं. आपलं लिहिलेलं दुसरं कुणी वाचेल या कल्पनेने मी ते लिहिलंच नव्हतं. एका ठिकाणी मी शेरा मारला होता: हे का चालतं ते कळत नाही, हात लावू नये.

त्या तिथे थांबल्या. "हे प्रामाणिक लिहिलंय," म्हणाल्या, आणि वहीत टिपून घेतलं. सहीचा कागद त्यांनी मला परत दिला, बिनसहीचाच.

दहापासून खिडकी सुरू झाली. बाहेर लिंबाखाली चाळीसेक माणसं बसली होती. सुमनताई नव्या यादीतून एकेक नाव वाचत, माणूस उठून येई, गोळ्या घेई, समोरच्या समोर एक गिळून दाखवी. मुक्ताबाई सखाहरी दिघे हे नाव त्यांनी वाचलं. कुणी उठलं नाही. थोड्या वेळाने पुन्हा वाचलं. मी दारात उभा राहून रस्त्याकडे बघत होतो. साडेअकरा झाले. माझी नगरची गाडी बाराच्या सुमाराला फाट्यावर येणार होती. थांबून मी करणार काय होतो? निरोप घेतला, आप्पांच्या पाया पडलो आणि निघालो.

फाट्यावर पोचलो तेव्हा गाडी येतच होती. मी पायरीवर पाय ठेवला, पिशवी आत सरकवली, आणि आमच्या गाडीच्या पुढे थांबलेली, संगमनेरकडूनच आलेली दुसरी एसटी माणसं उतरवून निघून गेली. धूळ खाली बसली. मैलाच्या दगडाला टेकून मुक्ताबाई बसल्या होत्या, शेजारी सखाहरी, हातात काठी आणि पाण्याची बाटली.

"येताय का ऱ्हाताय?" कंडक्टर म्हणाला.

मी पिशवी ओढून घेतली आणि खाली उतरलो.

सखाहरींनी मला बघून हात वर केला. "रातभर न्हाईच म्हनत हुती. सकाळी उठली अन् म्हनली, चल."

दोन किलोमीटर. मी म्हणालो, थांबा, एखादी गाडी बघतो. एक ट्रॅक्टर गेला, थांबला नाही. उसाच्या गाड्या उलट्या दिशेच्या. मी पुढे धावत जाऊन रुग्णालयातून कुणाची तरी स्कूटर आणतो म्हणालो, तर बाईंनी मान हलवली. "बसाया न्हाई जमायचं. छातीत दुकतं. हळू चालते की."

मग आम्ही चाललो. बाई मध्ये माझा हात धरून, आम्ही दोघे दोन बाजूंना. दहा पावलं झाली की त्या उभ्या राहत. लिंबाच्या प्रत्येक झाडाखाली बसत. चार दिवस मी कुठेच धड बसलो नव्हतो, आणि इथे मला एका झाडाखाली पाच पाच मिनिटं बसावं लागत होतं. सुरुवातीला मी सारखं घड्याळ बघत होतो. सखाहरी म्हणाले, "ऱ्हाऊ द्या साहेब. तिच्या पायानंच जायाचं हाय." पुढे पुढे मीही बघायचं सोडलं. बाईंच्या श्वासाचा आवाज ऐकून आता थांबायला हवं, हे मला त्यांच्याआधी कळायला लागलं.

"तुमची गाडी गेली," एका झाडाखाली त्या म्हणाल्या.

"दुसरी येईल."

पोचलो तेव्हा दुपार टळत आली होती. लिंबाखाली आता कुणी नव्हतं. खिडकी उघडी होती. सुमनताई आत टेबलावर डोकं वाकवून सोर्सची छापील पानं वाचत बसल्या होत्या. आमची चाहूल लागली तशी त्यांनी पानं बाजूला सारली, यादी उचलली, चष्मा नीट केला. त्यांना हाक मारायची गरज नव्हती, बाई दहा पावलांवर होत्या. तरी त्यांनी प्रत्येक अक्षर सुटं करत, सगळ्या आवाराला ऐकू जाईल असं वाचलं.

"मुक्ताबाई सखाहरी दिघे."

बाईंनी माझा हात सोडला, पदर तोंडावरून खाली घेतला आणि श्वास गोळा केला.

"हाय," त्या म्हणाल्या. "हितंच हाय."